हात वर केला की लिंबाखाली

एप्रिलमधला शुक्रवार. सकाळी सव्वासहाला मी डबा भरत होते आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं अकरा, ओट्याला टेकून म्हणाले, आई मला आज बरं वाटत नाहीये. माझी मान सुद्धा वर झाली नाही. पोळीला तूप लावता लावता म्हणाले, "नाटकं करू नको हं सकाळी सकाळी. व्हॅन येईल, चल बूट घाल." त्याने घातले बूट. गेला.

आता नीट विचार केला तर कळतं की ह्या पोराने नाटक करायचं काही कारणच नव्हतं. शुक्रवारी त्याचा पीटीचा तास असतो आणि फुटबॉल म्हटलं की हा ताटावरून उठून पळणारा. त्यात इंटर-हाऊसची प्रॅक्टिस चालू होती. गणिताची टेस्ट असती तर गोष्ट वेगळी. आणि दोनच दिवसांपूर्वी एका लग्नात काहीबाही खाऊन त्याला दिवसभर जुलाब झाले होते, मी दही-भात दिला, दुसऱ्या दिवशी जरा टवटवीत दिसला म्हणून विषय संपला असं माझं मीच ठरवून टाकलं. पोटातून गेलेलं पाणी अजून पुरतं भरून आलेलं नसणार हे डोक्यातच आलं नाही. आईच्या डोक्यात सकाळी सव्वासहाला व्हॅन असते फक्त.

दुपारी सव्वाला शाळेतून फोन. "मॅडम, काळजीचं काही नाही, त्याला थोडं चक्कर आल्यासारखं झालंय, घ्यायला येता का?" काळजीचं काही नाही हे वाक्य ज्याने कोणी शोधून काढलं असेल त्याला मूल नसणार. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते, नाशिकला शरणपूर रोडला. तशीच उठले, अ‍ॅक्टिव्हा उन्हात लावलेली, सीटवर बसल्याबरोबर चटकाच बसला, स्कार्फ बांधायचं विसरले आणि शहराबाहेरच्या त्या शाळेत पोचेपर्यंत माझंच डोकं ठणकायला लागलं. बारा-पंधरा मिनिटं नुसती गाडी चालवली होती मी. आणि पोरगं बारा-चाळीसपासून त्याच उन्हात पळत होतं.

सिकरूममध्ये आडवा होता. कानाच्या पाळ्यासुद्धा लाल. शर्ट एकदम कोरडा, पण पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ, नकाशासारखे. तिथल्या मावशींनी (शाळेत खरं काम कोण करतं ते अशा वेळी कळतं) त्याचे बूट-मोजे काढून टाकलेले, मानेखाली आणि काखेत ओले नॅपकिन ठेवलेले, टेबलफॅन अगदी त्याच्या अंगावर वळवलेला, आणि थोडं थोडं पाणी पाजत होत्या. त्यांना हे कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "द्राक्षाच्या बागेत बायांना चक्कर यायची ना, तेव्हा असंच करायचो." मला बघितल्यावर पोरगा उठून बसला आणि पहिलं वाक्य काय म्हणाला माहितीये?

"आई, मी नाटक नव्हतो करत."

नंतर रस्त्यात गाडी थांबवून उलटी केली त्याने. ते सगळं ठीक आहे. पण ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले की हे उष्माघाताच्या अलीकडचं स्टेशन आहे. ताप अडतीस-साडेअडतीसच्या आसपास, बोलणं व्यवस्थित, कुठल्या वर्गात, आज वार कोणता, सगळं सांगतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. खरा उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान चाळीसच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो, झोकांड्या खातो, उगाच चिडतो, आणि शेवटी शुद्ध हरपते. तसं काही दिसलं तर दवाखाना शोधत फिरायचं नाही म्हणाले, १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत जागच्या जागी गार करायचं, सावलीत ओढायचं, असेल नसेल ते सगळं पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मान-काख-जांघेत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. मी विचारलं, घाम यायचा बंद होतो ना उष्माघातात? म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना घरात बसून होतो त्यात बहुतेक बंद होतो, पण पळता पळता होतो त्याच्यात घामाने निथळत असलेलं मूलही कोसळू शकतं. म्हणजे घाम येतोय ना मग ठीक आहे, हा माझा आयुष्यभराचा हिशेब चुकीचाच.

आणि उलटंही चुकीचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला दिसतच नाही, येतो आणि उडून जातो, राहतं ते मीठ. कोकणातलं पोर दहा मिनिटांत ओलंचिंब होतं, त्याचं त्याला कळतं, आईलाही दिसतं. नाशिकचं पोर कोरडं ठणठणीत दिसत दिसत आतून रिकामं होत जातं. त्यात आपला एक जुना तोरा असतो ना, की नाशिक म्हणजे काय थंड, मुंबईची माणसं पूर्वी हवापालटाला यायची. रात्री यायची असतील. आपल्याकडे पहाटे खरंच गार असतं, एप्रिलमध्ये पण पांघरूण लागतं कधी कधी, आणि तीच हवा दुपारी चाळिशीला टेकते. मालेगाववाले आपल्याला हसतात, त्यांचा पारा कायम आपल्या वर, पण ते निदान उन्हाला ऊन म्हणतात आणि दुपारी कामाशिवाय बाहेर पडत नाहीत.

त्या रात्री मला झोप नाही. पडल्या पडल्या बाई आठवल्या.

आमच्या पीटीच्या बाई. मी सिडकोत वाढले, नव्वदच्या दशकात, शाळा साधी, पत्र्याच्या खोल्या, पण ग्राउंड मोठं आणि ग्राउंडच्या कडेला एक लिंबाचं झाड, म्हणजे कडुनिंब, इतकं जुनं की त्याच्या मुळांवर दहा-बारा पोरी बसायच्या. मी खो-खो खेळायचे. बाई कॉटनची साडी खोचून, पदर डोक्यावरून घेऊन, गळ्यात शिट्टी, अशा उभ्या राहायच्या. स्पर्धा यायच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे प्रॅक्टिस बरोबर ऑक्टोबरच्या उकाड्यात. ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना माहितीये, पळणारा पळतो पण चौकोनात बसलेल्या आठ जणींचे हाल कोणी विचारत नाही. उकिडवं बसायचं, हात जमिनीला टेकवून, सुटायच्या तयारीत, अनवाणी. जमीन तापलेली. तळहात आणि तळपाय एकदमच भाजायचे, आणि खो मिळाला की सुटका झाल्यासारखं वाटायचं, पळण्यासाठी नाही, हात उचलायला मिळाला म्हणून. गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ ला, दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला आणि आपल्या बायका आणि पुरुष दोन्ही टीम फायनलला नेपाळला हरवून जिंकल्या, मी टीव्हीवर बघत होते आणि खरं सांगू का, जिंकल्याच्या आनंदाआधी माझं लक्ष त्या मॅटकडे गेलं. छताखालची, मऊ, गार मॅट. हेवा वाटला.

तर बाईंचा एकच नियम होता. हात वर केला की लिंबाखाली. का, काय होतंय, किती वेळ, काही विचारायच्या नाहीत. हात वर, शिट्टी, तू बाहेर, दुसरी आत. तिथे एक माठ होता, दोन पेले पाणी प्यायचं, चेहरा धुवायचा आणि वाटलं की परत यायचं. आणि एक प्रश्न मात्र त्या सगळ्यांना विचारायच्या, तोही मोठ्याने, की लघवी पिवळी होतीये का गं? आम्ही लाजेने मरायचो. नंतर कळलं की पाणी पुरेसं जातंय का हे बघायचा ह्याहून सोपा उपाय नाही. त्यांना अजून एक माहिती होतं जे आजही किती सरांना माहिती असेल शंका आहे, की पोरी मुद्दाम पाणी पीत नाहीत. शाळेच्या संडासात जायला नको म्हणून. सकाळी घरून निघताना जेवढं प्यायलं तेवढ्यावर दिवस काढायचा. बाईंनी संडासाची एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती, तो तेवढा स्वच्छ असायचा, आणि तो फक्त खेळणाऱ्या पोरींसाठी. खेळात टिकून राहण्याचं माझं अर्धं कारण ती किल्ली होती असं म्हटलं तरी चालेल.

खोटा हात वर करणाऱ्या पोरी नव्हत्या का? होत्या. मी पण होते त्यात. दहा फेऱ्या मारायला सांगितल्या की मला चक्कर यायची, हमखास. एकदा एक दुसरे सर बाईंना म्हणाले की ही कार्टी नाटकं करते, तुम्ही लाडावून ठेवलंय. बाई म्हणाल्या, "बसू दे हो, सावली काय मी विकत आणलीये का."

एकदा माझा घोळणा फुटला, भर मॅचमध्ये. बाईंनी डोक्यावर पाणी थापलं आणि मान वर करायला लावली, जे आता डॉक्टर नको म्हणतात, मान खाली घालून नाक चिमटीत धरायचं असतं. म्हणजे बाईंना सगळं वैद्यकशास्त्र येत होतं असं नाही. घरी आल्यावर आजीने कांदा फोडून नाकाशी धरला. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण कांदा नाकाला लावायचा म्हणजे पोराला सावलीत बसवावं लागतं, दहा मिनिटं कोणीतरी मोठं माणूस त्याच्याजवळ बसतं, मग पन्हं येतं, गूळ-मीठ घातलेलं. ह्यातलं औषध कोणतं ते ज्याने त्याने ठरवावं. पन्हं मला वाटतं आपल्या आज्यांचं ओआरएसच. खऱ्या ओआरएसचं तर आपण वाटोळंच करतो, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात टाकायची असते आणि आपण ती ग्लासात ओतून सरबत करतो, नाहीतर फळांच्या चवीची खोकी आणतो. त्या खोक्यांवर ओआरएस लिहायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, मनाई केली, कारण त्यात साखरच जास्त. मी पण तेच आणायचे. असो.

शनिवारी पॅरेंट्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं की दुपारच्या पीटीबद्दल शाळेशी बोलूया का. पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे: आमच्या वेळी आम्ही दिवस-दिवस उन्हात खेळायचो, काही होत नव्हतं, आताची पोरं एसीतली. त्याला अकरा अंगठे. मग दुसरं: आपल्या नाशिकची कविता राऊत सावरपाड्यातून अनवाणी पळत पळत पुढे आली, आणि आपण टोपी-सनस्क्रीनवर चर्चा करतोय.

ह्या पहिल्या वाक्यावर मी खूप विचार केला, कारण मला पण ते खरंच वाटत होतं. आणि मग आठवायला लागले की बाई गं, आमच्या वेळी एप्रिलमध्ये पीटीचा तास होताच कुठे? एप्रिल म्हणजे परीक्षा, १ मेला झेंडावंदन आणि निकाल, आणि मग सुट्टी ती थेट जूनपर्यंत. सीबीएसईसारखं १ एप्रिलला नवं वर्ष चालू व्हायचं नाही आमचं. आणि सुट्टीत? सुट्टीत दुपारी बारा ते चार आजी दाराला कडी लावून दारातच आडवी पडायची, बाहेर पाय टाकला तर तंगड्या तोडीन म्हणायची, आणि आम्ही आत पत्ते, कॅरम, चिंचोके आणि भांडणं. ऊन उतरलं की मग लगोरी, आबाधुबी, रात्री नऊपर्यंत. ज्या काकांनी ग्रुपवर ते दिवस-दिवस उन्हात लिहिलं, त्यांच्या दारात पण त्यांची आजी झोपलेली असणार, पैजेवर सांगते.

कविता राऊतचं म्हणाल तर तिच्याबद्दल ह्या जिल्ह्यात कोणाला अभिमान नाही? २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर, आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते. पण तिचं नाव घेऊन उन्हाची वकिली करणाऱ्यांनी पुढचं पण आठवावं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ती पळाली, त्याच शर्यतीत आपली दुसरी धावपटू ओ. पी. जैशा होती, आणि ती शेवटची रेघ ओलांडून कोसळली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. देशातली सगळ्यात तयार पायांची बाई. शरीर तयार असलं म्हणजे ऊन सोडून देतं असं नसतं. आणि २०१९ ला दोह्याला वर्ल्ड चॅम्पियनशिपची बायकांची मॅरेथॉन उष्म्यामुळे रात्री बाराला सुरू केली, तरी ६८ जणींपैकी २८ जणींनी मध्येच सोडली. पुढे टोकियोवाल्यांनी आपली मॅरेथॉन उचलून लांब उत्तरेला सापोरोला नेली. जगातल्या सगळ्यात कसलेल्या माणसांसाठी आख्खं शहर बदलतात, रात्र पुढे करतात, आणि आमची सहावी अ बारा-चाळीसला.

अकाउंट्सवाली बाई मी, आकडे दिसले की खोदत बसते, तर रविवारी तेच केलं. पहिली गोष्ट कळली ती ही की पेपरात येणारा चाळीस हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा थर्मामीटर एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-एक फूट उंच ठेवलेला असतो, त्याला ऊन लागतच नाही. पोरगं त्या पेटीत खेळत नाही. ते उन्हात असतं, त्याच्या डोक्यावर थेट सूर्य आणि खालून जमिनीची धग, आणि जितकं मूल बुटकं तितकं त्या धगीच्या जवळ. त्यात हल्ली गल्लोगल्ली जी हिरवी टर्फं झालीत, क्रिकेट-फुटबॉलची, ती बघायला गार दिसतात पण ते प्लॅस्टिक आहे, ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, दुपारी हात लावून बघा.

दुसरी गोष्ट, अमेरिकेत मरीन सैनिकांना उन्हात ट्रेनिंग देताना माणसं पडायला लागली म्हणून १९५० च्या दशकात एक वेगळं मोजमाप तयार केलं, डब्ल्यूबीजीटी म्हणतात. त्यात साध्या थर्मामीटरला फक्त दहा टक्के किंमत. उन्हाचा ताप मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला वीस, आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरला तब्बल सत्तर, म्हणजे घाम वाळतोय की नाही ह्यालाच सगळं महत्त्व. हे वाचल्यावर मला माझा ऑक्टोबर कळला. पाऊस नुकताच गेलेला, जमीन ओली, हवेत दमटपणा, पारा तेहेतीस-चौतीसच आणि आमचे जीव मात्र एप्रिलपेक्षा जास्त कासावीस. पेपरात तो आकडा कधी हेडलाइन नव्हताच.

तिसरी मात्र मला हलवून गेली. मी पूर्वी वाचलं होतं की लहान मुलांचं शरीर मोठ्यांसारखं स्वतःला गार करू शकत नाही, त्यांना घाम कमी येतो वगैरे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण पूर्वी तसंच म्हणणं होतं. पण २०११ ला त्यांनी ते बदललं. पाणी नीट मिळालं तर मुलं उन्हात मोठ्यांपेक्षा काही फार कमी पडत नाहीत म्हणाले, त्रास होतो तो पाणी कमी पडल्याने, झेपेल त्याहून जास्त पळवल्याने, मध्ये विश्रांती न दिल्याने, नको ते कपडे घातल्याने, नुकतंच आजारपण झालेलं असल्याने. ही यादी वाचताना मला घाम फुटला, कारण ह्यातली एकही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात नाही. आजारपण आणि त्यानंतरचं सकाळचं ते वाक्य, हे दोन तर सरळ सरळ माझेच.

आणि सवयीचं काय, तर सवय होते शरीराला उन्हाची, पण त्याला दहा-चौदा दिवस लागतात, रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर. फेब्रुवारी-मार्च आम्ही पोरांना परीक्षा म्हणून घरात कोंडतो आणि १ एप्रिलला वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात भर दुपारी ग्राउंडवर सोडतो. एसीतली पोरं म्हणणाऱ्या काकांना मी हे लिहिलं. त्यांनी हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

सरकार ह्या बाबतीत अगदीच झोपलेलं असतं असं पण नाही हं. २०२३ ला १६ एप्रिलला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली आणि त्याच आठवड्यात राज्य मंडळाच्या शाळांना २१ तारखेपासून सुट्टी जाहीर झाली. २०२५ ला तर मार्च संपता संपताच सगळ्या शाळा सकाळच्या भरवायचं परिपत्रक आलं. परिपत्रकं येतात. ती शाळेच्या ऑफिसपर्यंत येतात, टाइमटेबलपर्यंत पोचतातच असं नाही.

मंगळवारी मी शाळेत गेले. भांडायला गेले होते, खोटं कशाला बोलू. वाक्यं पाठ करून. पीटीच्या सरांना ग्राउंडवरच गाठलं, दुपारचे बारा वाजले होते आणि ते एकटेच फक्कीने रेघा मारत होते. सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, सुरगाण्याकडचा, बी.पी.एड. झालेला, अंगाने सडसडीत, चेहरा आणि मान वेगवेगळ्या रंगाची. डोक्याला टोपी नाही. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "मॅडम, कसा आहे तो आता? मी शुक्रवारी त्याला म्हणालो होतो बस म्हणून, पण तो म्हणाला मला नाटक नाही करायचं."

माझी पाठ केलेली सगळी वाक्यं तिथेच संपली.

मग आम्ही बिल्डिंगच्या सावलीच्या पट्ट्यात उभे राहिलो, पट्टा म्हणजे हातभर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर सूर्य नाशिकच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि तेवढी पण राहत नाही. सर म्हणाले दिवसाला सहा तास असतात त्यांना, सगळे ग्राउंडवर. सकाळचे दोन-तीन तास मॅथ्स आणि सायन्सला, पोरं फ्रेश असतात म्हणून, पीटीला जे उरतं ते. "ऊन मला कळत नाही का मॅडम? मी स्वतः पळतो. पण पहाटे पाचला पळतो. आमच्याकडची पळणारी सगळी पोरं पहाटेच पळतात, दुपारी कोण पळतंय." मग तुम्ही सांगत का नाही ऑफिसला? तर हसला. कॉन्ट्रॅक्टवर आहे, दरवर्षी मार्चमध्ये रिन्यू होतं. मागच्या वर्षी त्यालाच एकदा चक्कर आली होती पाचव्या तासाला, त्याने कोणाला सांगितलं नाही, पीटीच्या सरांना चक्कर येते म्हटलं तर काय म्हणतील.

मी त्याला बाईंचा नियम सांगितला, हात वर केला की बाहेर, प्रश्न नाही. म्हणाला, "मॅडम, अर्धा वर्ग हात वर करेल." मी म्हटलं दोन दिवस करेल, मग कंटाळेल, आम्ही पण कंटाळायचो. त्याला पटलं असं वाटलं. मग त्याने ग्राउंडभर एक नजर फिरवली आणि म्हणाला, "पण बसवू कुठे?"

खरंच की. सहा एकराची शाळा, लॉन आहे, कारंजं आहे, फाटकापासून दोन्ही बाजूंनी बॉटल पाम आहेत ओळीने, एकेक हजारो रुपयांचा, आणि त्या सगळ्या पामांची मिळून एका पोराच्या डोक्यावर पडेल एवढी सावली नाही. लिंबाचं झाड लावलं तर पानगळ होते, कचरा होतो, असं माळ्याला सांगितलेलं आहे.

मग आम्ही आठ-दहा आया आणि दोन बाबा प्रिन्सिपलना भेटलो. गोड बोलल्या, चहा दिला, नोंद घेतली. पंधरा दिवसांत ग्राउंडच्या कडेला हिरवी नेट बांधली, तिथे पाण्याचे दोन जार ठेवले, आणि सहावी अ चा पीटीचा तास सकाळी आठ-वीसला आला. ग्रुपवर टाळ्या, फुलं, अभिनंदन, अकरा अंगठेवाल्या काकांचं पण. सरांनी हाताचा नियम चालू केला. पोरगा सांगतो की पहिल्या दिवशी सतरा हात वर झाले, आता दोन-तीन होतात.

घरी पण तो नियम लागू झालाय, माझ्यावर. पुढच्याच सोमवारी गणिताची युनिट टेस्ट होती आणि सकाळी सव्वासहाला चिरंजीव ओट्याला टेकून म्हणाले, आई मला आज बरं वाटत नाहीये. हातातली पोळी तशीच ठेवली मी. कपाळाला हात लावला, जीभ बघितली, लघवीचा रंग विचारला, म्हटलं बरं, झोप, व्हॅनवाल्या दादांना फोन करते. दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि फिस्सकन हसला. "काही नाही, चेक करत होतो." आणि बूट घालायला गेला.

काल पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंगला गेले होते, साडेबारा-पाऊण झाला असेल. ग्राउंडवर शिट्टी ऐकू आली म्हणून खिडकीतून बघितलं तर पोरी पळत होत्या, मोठ्या वाटल्या. शेजारी उभ्या असलेल्या टीचरना विचारलं की हा तास तर बंद झाला होता ना? त्या म्हणाल्या, "नाही नाही मॅडम, तुमच्या सहावीचा सकाळी घेतला ना, त्या बदल्यात आठवी ब ला इकडे टाकलं."

नेटखाली तीन पोरी बसल्या होत्या. सर नेटच्या बाहेर, टोपी नव्हतीच.